‘माझ्या नावावर टाका’

‘आपल्या या धिप्पाड मित्राने अमेरिकेत नऊ वर्षे व्यावसायिक फुटबॉल खेळूनही चेंडूला कधी हात लावला नाही. अखेर त्याच्याच एका चुकीमुळे त्याच्या संघनायकाचा पाय मोडला. ती चूक त्याने दूरचित्रवाणीवर कबूल केली, खेळ सोडला आणि न्यूझीलंडला परतून साधे जीवन पत्करले. चुकलेल्या माणसालाही नवे आयुष्य उभारता येते, हा धडा आपण त्याच्याकडून घेऊ या.’

हा मजकूर न्यूझीलंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या गेल्या अंकात छापून आला आहे. लेखक दिनकरराव. हेतू श्रद्धांजलीचा होता, असे ते म्हणतात, आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. शंका मजकुराविषयी आहे. या चार वाक्यांपैकी पहिले खरे असून निरर्थक आहे, दुसऱ्याला पुरावा नाही, तिसरे अर्धे खोटे आहे, आणि चौथ्यातला धडा या दोहोंवर उभा आहे. मी हे त्याच अंकाच्या वाचकांसाठी लिहीत आहे. ‘अहो, तुम्हाला भांडायला निमित्तच लागतं,’ असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. निमित्त मी शोधले नव्हते. ते छापून घरपोच आले.

त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याच्या पत्नीची तशी इच्छा आहे, आणि ज्यांनी त्याला पाहिले आहे त्यांना नावाची गरज पडणार नाही. गणेशोत्सवात मखराचा लोखंडी सांगाडा एकट्याने खांद्यावर घेऊन सभागृहात शिरणारा, भर थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून हिंडणारा, खुर्चीवर बसण्यापूर्वी वाकून तिचे पाय तपासणारा तो सामोअन गृहस्थ आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. एका वर्षी त्याने आपल्या सभागृहाच्या दोन खुर्च्या मोडल्या होत्या, तेही आपण विसरलेलो नाही. दोन्ही वेळा तो जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाला होता, ‘माझ्या नावावर टाका.’

हे त्याचे नेहमीचे वाक्य. तो अर्थातच इंग्रजीत बोले, ‘दॅट्स ऑन मी.’ मी त्याचे बोलणे मराठीत देतो आहे. येथील पेनरोज भागातल्या एका मोठ्या गोदामात मी यंत्रांच्या देखभालीचा प्रमुख होतो आणि मालाची चढ-उतार त्याच्या देखरेखीखाली चाले. माझ्या निवृत्तीपर्यंत आम्ही रोज एकाच बाकावर डबा खाल्ला. तेव्हा त्याच्या तोंडून हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा दिनकररावांनी त्याला पाहिलेही नसेल. ट्रक उशिरा आला, माझ्या नावावर टाका. फोर्कलिफ्टचा काटा खोक्यात घुसला, माझ्या नावावर टाका. एकदा वादळाने छपराचा पत्रा उडाला, तेव्हाही तो वर पाहून हेच म्हणाला आणि सगळे गोदाम हसले.

आता पहिल्या वाक्याचा समाचार घेतो. अमेरिकेतला तो खेळ आपल्याला परका आहे, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. चेंडू फेकणारा एक नायक मागे उभा असतो आणि त्याच्या पुढे पाच आडदांड माणसांची रांग असते. समोरून जे धावून येतात त्यांना अंगावर घेऊन फेकणाऱ्याला दोन-तीन क्षणांची उसंत मिळवून देणे हे त्या रांगेचे काम. या माणसांना लाइनमन म्हणतात. ते चेंडू घेऊन पळत नाहीत, गुण मिळवत नाहीत, आणि त्यांचे नाव ध्वनिक्षेपकावर ऐकू आले तर बहुधा काहीतरी बिघडले आहे असे समजावे. लाइनमनने चेंडूला हात लावला नाही ही तक्रार म्हणजे सिंहगडाच्या तटाने तलवार चालवली नाही अशी तक्रार झाली. मी हे दिनकररावांना सभागृहाच्या दारात ऐकवले. ते म्हणाले, “अहो, पण नऊ वर्षांत एकदा तरी?”

तो स्वतः आपल्या खेळाविषयी क्वचितच बोले, आणि बोलला तर जेवणाविषयी बोले. त्या रांगेत टिकायचे तर वजन राखावे लागते. भूक असो वा नसो, खावेच लागते. पहाटे उठवून खायला घालीत, सरावानंतर घालीत, निजताना घालीत. “अंकल, मार खाण्याचं काही वाटलं नाही,” तो मला म्हणाला होता, “पण त्या उकडलेल्या कोंबड्या!” खेळ संपल्यावर त्याने प्रथम कोणती गोष्ट केली असेल, तर एक वेळचे जेवण सोडले. तरीही तो दोन माणसांएवढा होता; पूर्वी तीन होता इतकेच.

असा हा जेवणाला विटलेला माणूस आमच्या घरी पहिल्यांदा आला तो पुरणपोळीच्या दिवशी. सौभाग्यवतींनी त्याचा आकार पाहिला आणि कणीक आणखी भिजवली. तिसऱ्या पोळीनंतर तो हात आडवा धरू लागला. आमच्याकडे आडवा हात म्हणजे आणखी एक वाढा. तिने वाढली. त्याने पुन्हा हात धरला, तिने पुन्हा वाढली, वर तुपाची धार सोडली. तो माझ्याकडे केविलवाणे पाहून म्हणाला, “आंटीनं अमेरिकेत प्रशिक्षक व्हायला हवं होतं.” मग ताटात काही उरू नये हा नियम त्याला कोणी सांगितला नसताना त्याने सगळे संपवले आणि पुढचा आठवडाभर डबा आणला नाही.

त्याच्या शरीराची खेळाने काय दशा केली होती तीही आपण पाहिली आहे. तो जिना उलटा उतरे, तोंड पायऱ्यांकडे, जहाजावरच्या शिडीवरून उतरावे तसा. उजव्या हाताची बोटे इतक्या वेळा मोडून सांधली होती की प्रत्येक वेगळ्या दिशेला पाही. मात्र चालण्यात त्याची एक ठरलेली रीत होती. कोणाबरोबरही चालताना तो अर्धे पाऊल पुढे आणि रहदारीच्या बाजूला असे. बॉटनी भागातल्या मॉलबाहेर एकदा आम्ही तिघे गाडीकडे जात होतो. तो बोलता बोलता अचानक सौभाग्यवतींच्या आडवा झाला. पुढच्याच क्षणी एक गाडी मागे न पाहता जागेवरून मागे आली आणि त्याच्या मांडीला टेकून थांबली. चालक बाई उतरून रडकुंडीला आल्या. त्याने त्यांना धीर दिला. शेवटी तो काय म्हणाला हे मी पुन्हा लिहीत नाही. आपण ओळखले असेल.

या वाक्याने मी एकदा खरोखर संतापलो. गोदामात नाशिकची एक बाई कामाला होती. वर्क व्हिसावर आलेली, नवरा तिकडेच, मुलगी येथे शाळेत. तिने एका सकाळी लेबले उलटसुलट लावली आणि हॅमिल्टनचा माल पार दुसऱ्या टोकाच्या लोअर हट गावाला रवाना झाला. व्यवस्थापक तणतणत आला. ती बाई पांढरीफटक पडली होती. तिने तोंड उघडण्यापूर्वी हा पुढे झाला आणि म्हणाला, “माझ्या नावावर टाका.” व्यवस्थापकाने ते शब्दशः घेतले. त्या वर्षी गोदामाच्या उपप्रमुखाची जागा त्याला मिळणार होती. ती दुसऱ्याला गेली. मी व्यवस्थापकाच्या खोलीत जाऊन मोठ्या आवाजात दोन गोष्टी सांगितल्या. उत्तर मिळाले, “तो स्वतःच कबूल करतोय, मग मी काय करू?”

डब्याच्या वेळी मी त्याला फैलावर घेतले.

“हा काय मूर्खपणा? चूक तिची होती.”

“होती.”

“मग?”

“अंकल, आमच्या रांगेत बोट दाखवत नाहीत. बोट दाखवायला हात उचलला की ती बाजू मोकळी पडते, आणि तेवढ्यात कोणीतरी आत घुसतं.” मग त्याने आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. “शिवाय या बोटांनी मी तिच्याकडे दाखवलं असतं तर तुम्ही पकडले गेला असतात.”

मला हसू आले आणि माझा राग तसाच राहिला. तो नियम त्याने नंतर नीट समजावला. रांगेतल्या पाचांपैकी कोणाच्याही हातून माणूस निसटला, फेकणारा खाली पडला, तर बाहेर येऊन सर्वांत जुना खेळाडू म्हणतो, माझे चुकले. खरे काय घडले ते फक्त त्या पाचांना आणि पडलेल्याला ठाऊक असते, आणि ते कोणी बाहेर सांगत नाही. पत्रकाराला नाही, बायकोला नाही. “आणि ज्याचं खरंच चुकलं तो?” मी विचारले. “त्याला कळतं ना, अंकल. तो दुसऱ्या दिवशी लवकर येतो.” ती नाशिकची बाई, येथे नमूद केले पाहिजे, त्यानंतर रोज सर्वांच्या आधी कामावर हजर असे.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. दुपारी कामावरून परतला, घरापुढे गाडी उभी केली आणि उतरलाच नाही. हृदय थांबले होते. एवढ्या देहाला पुरवून पुरवून ते थकले असावे.

आपल्या मंडळाने मासिक सभेपूर्वी शोकसभा ठेवली, हे योग्यच केले. त्याची पत्नी पहिल्या रांगेत बसली होती. ती लोअर हटची, शाळेत शिकवते, आणि त्याचा खेळ संपून तो येथे परतल्यावर त्यांचे लग्न झाले. तिला कळावे म्हणून दिनकरराव सौजन्याने इंग्रजीत बोलले, आणि वर उद्धृत केलेली चार वाक्ये त्यांनी तिच्यासमोर उच्चारली. पुष्कळांनी माना डोलावल्या. मी उठून उभा राहिलो, तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्या कोटाचे टोक ओढून मला खाली बसवले. शोकसभेत वाद नको, हे तिचे म्हणणे बरोबर होते. म्हणून मी सभा संपेपर्यंत थांबलो.

“दिनकरराव, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला हवं? क्लिप आहे ना! कॅप्टनचा पाय मोडतो ते दिसतं, आणि नंतर हा माइकसमोर म्हणतोय, दॅट्स ऑन मी. हीप्स ऑफ लोकांनी पाहिलीय. तुम्हाला फॉरवर्ड करतो.”

“तो छपराच्या पत्र्यालाही तेच म्हणत असे.”

“अहो, टीव्हीवर कोण उगाच खोटं बोलेल? आणि मी कौतुकच केलं की त्याचं!”

त्या कौतुकाचा परिणाम मी वाहनतळावर पाहिला. त्याची पत्नी गाडीच्या दाराला टेकून उभी होती. ती मला म्हणाली, “अंकल, तुम्ही इतकी वर्षं त्याच्याबरोबर जेवलात. हे खरं आहे का? मलाही तो एवढंच म्हणाला होता, की ते माझ्या नावावर आहे. पुढे विचारू नकोस म्हणाला, म्हणून विचारलं नाही. पण कधी कधी तो खिडकीशी नुसता उभा राहायचा. मला वाटायचं, त्या माणसाचा पाय त्याच्या डोळ्यांपुढे आहे.” थोडे थांबून ती म्हणाली, “चूक झाली असेल तर झाली असेल. पण आपल्यामुळे एक माणूस मोडला असं मनात घेऊन तो गेला का, एवढंच मला कळायला हवं.”

मी तिला गोदामातली गोष्ट सांगितली, रांगेचा नियम सांगितला. तिने ऐकून घेतले. पण नियम हा पुरावा नव्हे, हे मलाही समजत होते. नियमाप्रमाणे दुसऱ्याची चूक अंगावर घेणारा माणूस आपल्या स्वतःच्या चुकीलाही तेच वाक्य म्हणणार.

मी घरी आलो आणि नातीला कामाला लावले. ती येथेच जन्मलेली. मराठी सगळे समजते, उत्तर इंग्रजीत येते. ती फीत मी इतक्या वेळा पाहिली की नात अखेर “आजोबा, प्लीज, इनफ,” म्हणून फोन तेथेच ठेवून गेली. त्यात पाच माणसांचा एक ढीग दिसतो, त्याच्या मधून कोणीतरी सुटतो, फेकणारा खाली कोसळतो. कोण कोणाला अडवणार होता हे त्या चित्रावरून देवही सांगू शकणार नाही. दिनकररावांना मात्र सांगता आले. एक गोष्ट नातीने शोधून दिली, ती मात्र निर्विवाद होती. या घटनेनंतर त्याने खेळ सोडला नव्हता. तो दुसऱ्या शहराच्या संघाकडून आणखी तीन हंगाम खेळला होता.

मी विजयी मुद्रेने दिनकररावांना फोन केला.

ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे जुन्या संघानं हाकललं! मी तेच म्हणतोय ना. पाय मोडला कॅप्टनचा, मग ठेवतील कशाला?”

मी फोन ठेवला. आणि सांगण्याची गोष्ट ही, की त्याची पत्नीही नेमके तेच समजत आली होती. तो दोन शहरांत खेळला हे तिला ठाऊक होते. पहिल्याने त्याला त्या चुकीपायी काढून टाकले असावे असे तिने मनाशी धरले होते, आणि त्याला दुखवू नये म्हणून तेही कधी विचारले नव्हते. माझा पुरावा असा दिनकररावांच्या घरी जाऊन बसला.

काही दिवसांनी तिचाच फोन आला. ज्याचा पाय मोडला होता त्या गृहस्थाने तिला निरोप पाठवला होता. शनिवारी सकाळी तो अमेरिकेहून बोलणार होता. “मला विचारता येणार नाही, अंकल. तुम्ही याल?” मी गेलो. सौभाग्यवतीही आल्या, बरोबर डबा होता. फोन टेबलावर मधोमध ठेवला. तो गृहस्थ प्रथम तिच्याशी बोलला. आवाज खणखणीत, पण मध्येच तुटत होता. त्याने आमच्या मित्राच्या जेवणाच्या गमती सांगितल्या, कोंबड्यांसकट, आणि ती हसली. मग तिने माझ्याकडे पाहिले.

मी माझे नाव सांगितले, वय सांगितले, आणि आडवळण न घेता विचारले, “साहेब, तुमचा पाय कोणाच्या चुकीने मोडला?”

पलीकडून उलट प्रश्न आला.

“तो काय म्हणायचा?”

“माझ्या नावावर टाका, म्हणायचा.”

तो गृहस्थ मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज ओला झाला. “मग मीही तेच सांगणार. सर, माफ करा, पण ते रांगेतलं आहे. तो आता हयात नाही, एवढ्यावरून मी ते बाहेर काढणार नाही. त्यानं मला तिथूनच उठून मारलं असतं.”

मला राग येणे स्वाभाविक होते. एवढ्या लांबून हाती लागलेला एकमेव साक्षीदार, आणि तोही साक्ष द्यायला नकार देतो! पण मी पाहिले, मित्राच्या पत्नीने फोनच्या दिशेने होकारार्थी मान हलवली होती, जणू तिला हेच उत्तर हवे होते. आणि मग त्या गृहस्थाने, आम्ही विचारले नसताना, आणखी एक गोष्ट सांगितली. ती चुकीविषयी नव्हती, म्हणून ती सांगायला त्याला कोणाची आडकाठी नव्हती. ती ऐकून मित्राची पत्नी उठली, चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेली, आणि किटलीत पाणी भरून वाहू लागले तरी नळ तसाच चालू राहिला. सौभाग्यवती आत गेल्या आणि त्यांनी नळ बंद केला. दोघी पुष्कळ वेळाने बाहेर आल्या. मग आम्ही चौघांपुरत्या आणलेल्या पोळ्या तिघांत संपवल्या.

चूक कोणाची होती हे मला आजही ठाऊक नाही, आणि मी ते शोधणार नाही. दिनकररावांनी ‘हाकलले’ म्हणावे, ‘चुकला’ म्हणावे, पुढच्या अंकात आणखी एखादा धडा छापावा. त्यांच्या लेखणीला मी अडवू शकत नाही. त्यांनी फक्त त्या फोनवर आम्ही शेवटी ऐकले एवढे ध्यानात घ्यावे. पाय सांधल्यावर तो नायकच जुना संघ सोडून नव्या शहरात गेला. करारावर सही करण्यापूर्वी तुला सोबत काय हवे, असे त्याला तेथे विचारण्यात आले. आणि ज्याचा पाय मोडला होता त्या माणसाने, पुन्हा आपल्यापुढे उभे राहण्यासाठी, जुन्या रांगेतल्या पाचांपैकी एकालाच मागून घेतले, तो हा.